पाखराच्या पोटातलं मीठ

अल ऐनला जायचं होतं ते फक्त एक बरणी आणायला. जुलैचं ऊन, शनिवारची सुट्टी, मागच्या सीटवर पाच वर्षांची अस्मी आणि तिची चिप्सची पुडी. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधून गाडी निघाली तशी दर्शना नवऱ्याला टोमणे मारत होती, आणि मारणारच ना! लोक सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जातात, समुद्रावर जातात. हिचा नवरा वाळवंट तुडवत जुनी भांडी आणायला निघालेला.

रोशन मूळचा गुहागरचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये सामान हलवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. एखादं इंग्रज कुटुंब गाशा गुंडाळून मायदेशी निघालं की त्यांचा संसार खोक्यांत भरून बोटीवर चढवायचा, हे त्याचं काम. त्यातूनच हे वेड लागलं. जुन्या काळी इंग्लंडातल्या कुंभारांनी घडवलेले मग, सुरया, फुलदाण्या, तंबाखूच्या बरण्या. निळ्या-तपकिरी, जड, दगडासारख्या टणक. आधी हॉलमधलं कपाट भरलं, मग टीव्हीखालचा कप्पा, मग देव्हाऱ्याशेजारची फळी.

"लोणचं घालायला मला एक बरणी देत नाही हा माणूस," दर्शना सगळ्यांना सांगायची, "आणि घरात पाय ठेवायला जागा नाही बरण्यांमुळे!"

अल ऐनच्या त्या बंगल्यात अलीमियाँ एकटेच होते. रत्नागिरीकडचे. उभी हयात एका इंग्रज डॉक्टरच्या स्वयंपाकघरात गेलेली. मेमसाहेब आधीच गेल्या होत्या, यंदा डॉक्टरही गेले. मुलगा लंडनला. त्याने फोनवर सांगितलं होतं, घरातलं सगळं विकून टाका.

"ये बाय, बस," अलीमियाँ दर्शनाला म्हणाले. अस्मीच्या कुरळ्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "माशाल्ला! बाहुलीच आहे." आणि सरबत आणायला आत गेले.

रोशनचं लक्ष सरबताकडे कुठलं? तो त्या बरणीसमोर हात जोडल्यासारखा उभा होता. पाखरू होतं ते. घुबड म्हणावं तर घुबड नाही, गिधाड म्हणावं तर गिधाड नाही. गुबगुबीत पोट, बाकदार चोच, लाकडी बैठकीवर रोवलेले पंजे. डोकं मानेपासून उचललं की तेच झाकण. आणि चेहरा कसा, तर आपलं भांडण शेजारच्या खिडकीतून कान देऊन ऐकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा तिरका, दाराकडे वळलेला.

"ही चकाकी बघ," रोशन हरखून म्हणाला. "रंग नाही लावलेला. भट्टी लाल झाली की वरून मूठमूठ मीठ टाकायचे. त्या मिठाची वाफ मातीला धरते, तीच ही कातडी."

"म्हणजे दृष्ट काढल्यासारखंच की," दर्शना म्हणाली. "मीठ घ्या, आगीत टाका."

रोशन हसला. तीही हसली.

निघताना अलीमियाँ जरा घुटमळले. "रोशनभाई, बाबा म्हणाला... म्हणजे साहेबांचा मुलगा. म्हणाला, पाखराच्या डोळ्यांवर तेवढं फडकं टाकू नका."

रोशनने मान डोलावली, आणि गाडीपाशी आल्यावर पाखराला फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये डोक्यापासून पंज्यांपर्यंत गुंडाळलं. पॅकिंगवाल्याला पॅकिंग कोण शिकवणार? गाडी हायवेला लागली न लागली तोच फोन वाजला.

"रोशनभाई," अलीमियाँचा आवाज अवघडलेला होता. "गुंडाळलंत का त्याला? लंडनहून फोन आला. बाबा म्हणतो, डोळ्यांवरचं काढा... जीव गुदमरतोय म्हणतो."

रोशनने गाडी कडेला घेऊन प्लॅस्टिक सोडलं. "जुन्या वस्तूंचे शौकीन असेच चक्रम असतात," तो म्हणाला. गुंडाळल्याचं त्याला कळलं कसं, हा प्रश्न दर्शनाच्या अगदी ओठांवर आला होता. पण अस्मीला भूक लागली, आणि प्रश्न तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी अस्मी तापाने फणफणली. डॉक्टर झाले, औषध झालं, ताप हटेना. घोटभर पाणीही पोटात ठरेना. रोशनला कामावर जाणं भाग होतं. बाहेर धुळीने आभाळ पिवळं पडलेलं, पडदे ओढलेले, एसी एकसुरी घुरघुरत होता, आणि त्या भर दुपारी दर्शनाला एकदम वाटलं, हे साधं दुखणं नव्हे. पोरीला दृष्ट लागलीय.

तिने मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेतल्या आणि अस्मीवरून उतरवल्या. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, कुणाची असेल ती निघून जावो. आता हे सगळं विस्तवात टाकायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण विस्तव आणायचा कुठून? घरात विजेची शेगडी. गेल्या वर्षी तिने तव्यावर मिरच्या जाळल्या, तर धुराचा अलार्म कोकलला आणि सगळी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये जमा! सिक्युरिटीवाल्याने हात जोडले होते, "मॅडम, फिर से मत करना." म्हणून मग कागदात बांधून संध्याकाळी चार रस्त्यांवर टाकून यायचं, असं तिने ठरवलं.

एवढ्यात अस्मीला उमासा आला. दर्शनाला दोन्ही हात मोकळे हवे होते. समोर टेबलावर, रोशनने सकाळी धुऊन पुसून ठेवलेलं पाखरू होतं, डोकं बाजूला काढलेलं. तिने मूठ त्या उघड्या पोटात रिकामी केली आणि पोरीकडे धावली. नंतर अस्मीचा हात जाऊ नये म्हणून वर डोकं बसवलं. झालं. एवढंच केलं तिने.

आणि काय सांगू, तासाभरात ताप उतरला! अस्मी उठून बसली, वरणभात मागून जेवली. दर्शनाला आनंदाने रडू फुटलं. संध्याकाळी खाली जायचं राहिलं. उद्या टाकू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही बाहेर भट्टी पेटलेली. मग परवा. उतरवलेली दृष्ट घरात ठेवायची नसते, हे का तिला ठाऊक नव्हतं? पण पोर हसतखेळत होती. बरं झालं की माणूस वैद्याला विसरतो.

पहिल्यांदा तिला खटकलं ते पाखराचं तोंड. दाराकडे बघत होतं ना? आता ते सोफ्याकडे बघत होतं. अस्मी तिथे बसून कार्टून बघायची.

"तू हलवलंस का रे हे?"

"हातही लावला नाही," रोशन म्हणाला.

तिने बैठक फिरवून तोंड पुन्हा दाराकडे केलं. दुपारी अस्मी दारात बसून चपला घालत होती, आणि पाखरू तिच्याकडे बघत होतं. तिने ते खिडकीकडे फिरवलं. अस्मी खिडकीशी चित्र काढायला बसली. दर्शनाला काही सुचेना. धुतलेली भांडी ती पुन्हा धुऊ लागली, या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागली. स्वतःच्याच घरात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अस्मी, इकडे ये बघू. माझ्याजवळ बस."

"आय अ‍ॅम हिअर ओन्ली, मम्मा," अस्मी नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली. तिने मान कलती केली होती, आणि एक डोळा अर्धा मिटला होता.

त्याच आठवड्यात अस्मी खुर्चीवरून पडली. भुवई फाटली, रक्ताने फ्रॉक भिजला. क्लिनिकमध्ये टाके घातले. सुई घुसली तरी पोर छताकडे बघत गप्प पडून राहिली. "ब्रेव्ह गर्ल," नर्स कौतुकाने म्हणाली. साधं केस विंचरताना गळा काढणारी मुलगी ही! त्या तापानंतर ती एकदाही रडली नव्हती. एकदाही नाही. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

आणि तेव्हा तिला ते मीठ आठवलं.

घरी आल्या आल्या तिने पाखराचं डोकं उचललं. आत हात घातला. बोटं फिरवली, तळ चाचपला. मीठ नाही, मोहरी नाही, मिरचीचं देठसुद्धा नाही. कोरडी, गार, गुळगुळीत माती. तिने पोट उलटं करून आपटलं. काही पडलं नाही. वास तेवढा आला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला येतो तसा.

तिने अलीमियाँना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"चाचा... ऐकताय ना?"

"बाय, आमची मैमुना होती," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी घरवाली. बाबाला तिनंच वाढवला. तो लहान असताना असाच तापला. मैमुनानं मीठ-मिरची घेऊन नजर उतरवली. पण मेमसाहेब घरात काही जाळू देईनात. मग तिनं..."

"मग कशात ठेवलं?"

"त्याच पाखराच्या पोटात, बाय."

"चाचा, मी ते काढून टाकायला गेले. आत काही नाही!"

"मैमुनालाही काही सापडलं नव्हतं," ते म्हणाले. "बाबा बरा झाला, शिकला, मोठा झाला. आई गेली तेव्हा आला होता. बाप गेला तेव्हाही आला. पण डोळ्यांत पाणी नाही, बाय. आम्ही सगळे रडत होतो, आणि तो उभा... त्याला रडताच येत नाही."

दर्शनाने फोन ठेवला. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. माझी पोर! एका मडक्यासाठी? तिने पाखरू दोन्ही हातांनी कवटाळलं, बाल्कनीचं दार ढकललं. गरम हवा तोंडावर आली. तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगची फरशी दिसत होती. तिने पाखरू कठड्याबाहेर धरलं.

आत सोफ्यावर अस्मी किंचाळली. "मम्मा, डोंट! आय अ‍ॅम फॉलिंग! मम्मा, आय अ‍ॅम फॉलिंग!"

दर्शनाने मागे वळून बघितलं. अस्मी उशीला घट्ट धरून बसली होती, बोटं पांढरी पडलेली. ओरडत होती, आणि डोळे ठणठणीत कोरडे.

दर्शनाने पाखरू छातीशी ओढलं आणि तिथेच खाली बसली.

रोशन कामावरून आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिने सांगितलं. त्याने ऐकलं. एरवी चेष्टा केली असती, आज केली नाही. त्याने पाखरू तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. फोडता येत नाही, विकता येत नाही, झाकता येत नाही. दुबईतल्या सगळ्या घरांची खोकी बांधणारा माणूस, आणि एका बरणीसमोर हतबल झाला.

अस्मी मात्र काही झालंच नाही अशी जेवायला बसली. चमचा ताटात वाजत होता. खाली मशिदीत संध्याकाळची, मगरिबची अजान सुरू झाली, आणि दर्शनाचा फोन वाजला. परदेशी नंबर.

"माफ करा," पलीकडचा माणूस इंग्रजीत म्हणाला. आवाज मऊ होता, वयस्क, फार थकलेला. "अलींनी नंबर दिला. तुम्ही त्या छोट्या मुलीच्या आई ना?"

"हो..."

"ती मघापासून रडतेय. थांबतच नाही. तिला वाटतंय, तुम्ही तिला खाली टाकून देणार आहात. मी समजूत घालतोय... पण तिला आईच हवी. इतकी वर्षं मी इथे आत एकटाच होतो, लहान मुलाशी कसं बोलतात ते विसरलो. एकदा तुम्ही बोला ना तिच्याशी."

दर्शनाने टेबलाकडे बघितलं. अस्मी जेवत होती. ओठाला वरण लागलेलं, भुवईवर पट्टी, पाय हलवत होती. मग तिने पाखराकडे बघितलं. आता ते अस्मीकडे बघत नव्हतं. थेट तिच्याकडेच बघत होतं, आईकडे.

आई ती! दुसरं काय करणार? ती त्या मातीच्या तोंडासमोर गुडघे टेकून बसली.

"अस्मी... बाळा... रडू नको गं. मम्मा नाही टाकणार तुला. मम्मा इथेच आहे."

फोनवर तो म्हणाला, "थँक यू. थांबली."

मागे चमचा वाजायचाही थांबला. दर्शनाने वळून बघितलं. जन्मापासून आईला इंग्रजीतच उत्तर देणारी तिची लेक मान कलती करून, एक डोळा अर्धा मिटून तिच्याकडे बघत होती.

"मम्मा," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "हिच्याशी नको बोलूस. मी इकडे आहे ना."