फिकट गुलाबी

वर्गात मला सगळे ‘दचकू’ म्हणतात. मागे कुणी शिंकलं तरी माझ्या हातातली टेस्टट्यूब खाली पडते, आणि बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन असले हात असणं म्हणजे रोज बोलणी खाणं. तेव्हा पुढे जे सांगते आहे, त्यातून माझा घाबरटपणा तुम्ही आपला वजा करून घ्या. मी करून पाहिला. तरी बाकी उरतेच.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. तापामुळे माझं एक टायट्रेशन राहून गेलं होतं, ते दुपारी एकटीने करून सरांना दाखवायचं होतं. सरांची सही मिळाली तर परीक्षेला बसता येणार, नाहीतर वर्ष गेलं. टायट्रेशन म्हणजे खरं तर कंटाळवाणं काम. खाली फ्लास्कमध्ये मोजून घेतलेलं आम्ल, त्यात रंग दाखवणाऱ्या इंडिकेटरचे थेंब. वर उभ्या ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या मोजनळीत, अल्कली. डावा हात तोटीवर, उजव्याने फ्लास्क गोल गोल फिरवत राहायचं. मग एका थेंबाला सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथे थांबायचं, आकडा टिपायचा, पुन्हा पहिल्यापासून. दोन आकडे जुळले की सुटका.

माझे जुळेनात.

रंग यायचा, मी पेन उचलायचे, आणि वळून बघावं तर द्रावण पुन्हा पाण्यासारखं. आणखी एक थेंब. गुलाबी. पुन्हा गायब. असा वैताग आला म्हणून सांगू!

सरांनी माझे आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. “हे काय आहे? रीडिंग आहेत की भाजीचे भाव?”

“सर, रंग टिकतच नाही.”

“टिकेल कसा? नाक घालून बसलीयस फ्लास्कमध्ये! उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आत उतरतो आणि रंग उडतो, शिकवलंय ना? लांब उभी राहा. आज सह्यांचा शेवटचा दिवस आहे बाई. जमलं की समोरच्या खोलीत हाक मार.”

जाताना त्यांनी एक्झॉस्ट फॅनही बंद केला. विजेची एवढी काळजी! फॅनची घरघर थांबली आणि लॅब एकदम मोठी वाटायला लागली. रिकामी टेबलं, कोपऱ्यातल्या सिंकचा ओला वास, त्यात कुठल्यातरी बाटलीचा आंबट उग्र दर्प. कुठेच कुणी नव्हतं.

मी नाकातोंडावर रुमाल बांधला. हात लांब करून, मान वळवून काम केलं. थेंब पडला. गुलाबी झालं. मी श्वास रोखून बघत राहिले…

द्रावणाच्या मधोमध एक छोटासा खळगा पडला. गरम चहावर फुंकर मारली की पडतो ना, तसा. तिथूनच रंग विरत गेला, कडेपर्यंत.

खिडक्या बंद होत्या. फॅन बंद होता.

भीती नंतर वाटली, आधी वाटला तो संतापच. म्हणजे मी इथे वर्ष वाचवायला धडपडतेय, आणि… “जे कोण असाल ते जरा बाजूला व्हा हो,” मी चक्क मोठ्याने बोलले. “माझी सही अडलीये.”

खळगा नाहीसा झाला. क्षणभरच. मग पुन्हा पडला. जरा खोल.

आता मात्र भीती वाटली. पण डोकं चाललं. नवीन आम्ल घेतलं, शेवटचा थेंब टाकला आणि लगेच फ्लास्कला बूच ठोकलं. रंग टिकला! आकडा टिपला. पुन्हा सगळं केलं, पुन्हा बूच. दुसरा आकडा पहिल्याशी तंतोतंत जुळला.

मी सरांना हाक मारणार, इतक्यात फ्लास्कच्या काचेवर बाहेरून वाफ धरली. ओठांएवढा डाग. विरला. पुन्हा धरला. कुणी आत डोकावत असावं तसा. मग तो डाग ब्युरेटच्या नळीवर उमटला. मग टेबलावरच्या बाटलीवर. दर वेळी थोडा माझ्या बाजूला.

“सर!” मी हाक मारली. “सर, झालं…”

सर आले. “बूच कशाला लावलंयस? काढ.”

“नको ना सर… तसंच बघा.”

“झाकलेल्या फ्लास्कवर सही करू? काढ म्हणतो ना!”

मला सही हवी होती. मी बूच काढलं.

सर वाकून बघत राहिले. मी पण. रंग उडेल, आत्ता उडेल… पण गुलाबी जराही हललं नाही. “टिकलाय की छान,” सर म्हणाले. “उगाच रडत होतीस.” सही झाली. फ्लास्कपाशी आता कुणीच नव्हतं. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

बॅग उचलून मी जिना उतरले. शेवटच्या पायरीवर बसले, तर आईचा फोन.

“झाली का गं सही?”

“झाली.”

“मग एवढ्या धापा का टाकतेयस? धावत सुटलीस की काय? नुसता श्वासच ऐकू येतोय मला.”

मी तोंडावर हात दाबला. नाकही. छातीत कळ येईपर्यंत श्वास कोंडून धरला.

“हळूहळू घे,” आई म्हणाली. “घाई करू नकोस… हां, अस्सं. आता कसा शांत चाललाय.”