ठरलं की सांगतो, पावणं

ही हकिकत खरी आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. शपथेवर बोलणारी माणसं आम्ही प्रत्येक निवडणुकीत पाहतो.

एवढंच सांगतो. ही ज्यांच्यावर गुदरली ते गारगोटीचे प्रभुलिंग माझे मावसभाऊ, आणि त्या माणसाला कल्पनाशक्ती नावाचा अवयवच नाही. बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. खिळ्याला खिळा म्हणायचं, पाइपला पाइप म्हणायचं, आणि उरलेल्या जगाला फालतू खर्च म्हणायचं.

साल २००३. मे महिना. कोडोलीच्या अलीकडचा माळ.

वेळ दुपारची.

भुतं फक्त रात्री निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. ऊन असं उभं असतं की आपली सावलीसुद्धा पायाखाली दडून बसते.

त्या माळावर तेव्हा नुकतीच एक 'स्वप्ननगरी' उघडली होती. पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचा डायनासोर, आणि फायबरचा एक हत्ती, ज्याचं पाणी सोंडेतून यायच्या ऐवजी कानातून यायचं. भाड्याने मिळणारे नायलॉनचे कपडे घालून अर्धा जिल्हा एकाच पाण्यात डुंबायचा आणि बाहेर येऊन त्यालाच मौज म्हणायचा. आतच रिसॉर्ट होतं. तिथल्या पोऱ्यांना टाय घातला होता. मे महिन्यात. माळावर.

पुण्याहून प्रभुलिंगांचे साडू, रुद्रेश, बायको-मुलीला घेऊन आले होते. गुडघ्याखाली येऊन मध्येच विचार बदललेली विजार घालून.

"साडूभाऊ, राहायचं तर रिसॉर्टवरच," रुद्रेश म्हणाले. "बाहेर उतरायचं म्हणजे एक्सपिरियन्सच नाही."

"खोलीत करायचं काय?" प्रभुलिंगांनी विचारलं. "झोपायचंच न्हवं? झोपल्यावर रिसॉर्ट काय आन् धर्मशाळा काय, डोळं मिटल्यालंच की."

"अहो, बुफे असतो."

"त्या बुफेत मटणाचा डाव आमटीत फिरतोय. आमाला न्हाय चालत."

झालं. रुद्रेश आत गेले. प्रभुलिंग, बायको महानंदा आणि दहा वर्षांची शिवांजली बाहेर, फाटकासमोरच्या आकारामच्या 'घरगुती निवास'मध्ये. पत्र्याखाली ओळीने चार खोल्या. शाकाहारी जेवण. बोअरचं पाणी. प्रभुलिंगांना तिथं इतकं समाधान वाटलं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी मुद्दाम पाण्याच्या चवीत खोट काढली.

शिवांजलीने मात्र भोकाड पसरलं. मावसबहीण आत, आणि ती बाहेर.

जेवणं झाली. महानंदा वहिनी आकारामच्या बायकोबरोबर चटण्यांबद्दल बोलायला स्वयंपाकघरात गेल्या. प्रभुलिंग खाटेवर आडवे झाले. पोरगी कोपऱ्यात मुसमुसत होती.

वीज गेली. पंखा थांबला.

आणि भिंतीपलीकडून...

"रिसॉर्टवरच जाऊया म्हणतो मी." पुरुषाचा आवाज.

"हितं काय वाईट हाय?" बाईचा.

"माणसं काय म्हणतील?"

"कुठली माणसं?"

प्रभुलिंगांना बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण हा एकमेव करमणुकीचा प्रकार, ज्याला तिकीट नाही. ते कान देऊन ऐकू लागले. पुरुष म्हणे, तिथं गाद्या मऊ. बाई म्हणे, हितं जेवण घरचं. परत गाद्या. परत जेवण. इतकी बिनडोक माणसं आपल्या शेजारी असल्याचा त्यांना एक प्रकारचा आनंद होत होता.

"पोरांची हौस हुईल की."

"पोरं..." बाई म्हणाली. "पोरं हायती कुठं आता?"

आमच्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या भांडणात गप्प बसणं हा उद्धटपणा समजतात. प्रभुलिंगांनी झोपल्या झोपल्याच भिंतीवर थाप मारली.

"ओ पावणं. वहिनी बरोबर बोलाय लागल्यात. हितंच ऱ्हावा की."

"कोण ते?" पलीकडून पुरुषाने विचारलं.

"गारगोटीचा हाय मी. शेजारच्या खोलीतला."

"तुमचं काय ठरलं?"

"आमचं कधीच ठरलंय. आमच्यात म्या ठरवतो." महानंदा वहिनी स्वयंपाकघरात होत्या, म्हणून हे वाक्य खपून गेलं. "फक्त पोरगी रडाय लागलीया रिसॉर्टपायी. तुमी जाणार असला तर न्या हिला बी. तेवढीच ब्याद टळंल."

आता हे सगळेच म्हणतात. पोर रडायला लागलं की वाटेने जाणाऱ्या म्हशीवाल्यालासुद्धा आमच्याकडे 'नेतोस का हिला' असं विचारतात. म्हशीवाला म्हणतो, 'नेतो की'. पोर गप्प बसतं. म्हशीवाला पुढं जातो. कुणी कुणाला नेत नाही.

पलीकडून उत्तर अगदी भिंतीला तोंड लावून बोलल्यासारखं आलं...

"नेतो की. ठरलं की सांगतो, पावणं."

शिवांजली रडायची थांबली.

थोड्या वेळाने आकाराम पाण्याची घागर घेऊन आला. प्रभुलिंगांनी सहज विचारलं, "शेजारचं पावणं कुठलं?"

"कुठल्या शेजारचं?"

"ह्या भिंतीपल्याडचं."

"ही शेवटची खोली हाय," आकाराम म्हणाला. "पल्याड ऊस हाय."

"आन् उसात कोण उतरलंय?"

"उसात कोण उतरतंय? हितं खोल्या मोकळ्या पडल्यात माझ्या."

प्रभुलिंग उठले. चपला घालून खोलीला वळसा घातला. माणूस हिशोबी. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही.

बिनगिलाव्याच्या विटांची भिंत. खिडकी नाही. भिंतीला लागून हातभर बांध. बांधापलीकडे ऊस, डोक्याच्याही वर गेलेला.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

ते कान लावून उभे राहिले. भांडण नव्हतं. कुजबुजही नव्हती. दोन माणसांचं एकदाचं एकमत झाल्यावर घरात पसरते, तशी शांतता...

ते खोलीत परत आले.

खाट होती. घागर होती. भिंतीला टेकवलेली ट्रंक उघडी होती. नवा फ्रॉक त्यात नव्हता.

पोरगीही नव्हती.

ती दिसली बांधावर. बरीच लांब. नवा फ्रॉक घालून उसाच्या कडेकडेने स्वप्ननगरीच्या मागच्या कुंपणाकडे चालली होती. उड्या मारत नव्हती, रमत नव्हती. शहाण्या मुलीसारखी चालली होती. आणि तिचा उजवा हात...

उजवा हात वर होता. कुणीतरी मोठ्या माणसाने बोट धरायला दिल्यासारखा.

"शिवा," प्रभुलिंगांनी हाक मारली.

ती वळली नाही.

ते धावले. पण बैठ्या धंद्यातला माणूस, पोटाने पुढं जायचं नाकारलं. हाका मारून घसा बसला. पोरगी कुंपणाच्या तुटक्या तारेपाशी पोचली. अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. प्रभुलिंगांना आठवला तो सकाळी फाटकापाशी आलेला क्लोरीनचा दर्प.

"ओ पावणं," ते ओरडले. "रिसॉर्टच्या पाण्याला वास मारतोय. अंगाला खाज सुटती म्हणं सगळ्यांच्या."

पोरगी थांबली.

मग उसाच्या आतून, बाईचा आवाज...

"बघा. मी काय म्हणत हुते?"

"कोण म्हणतंय वास मारतोय?"

"ते गारगोटीचं पावणं."

"त्येला काय कळतंय? जन्मात रिसॉर्ट बघितलंय का त्येनं?"

"त्येला कळत न्हाय आन् तुमाला लई कळतंय."

भांडण पुन्हा जुंपलं. शिवांजलीचा हात हळूहळू खाली आला. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि मोठ्याने रडायला लागली. प्रभुलिंग म्हणतात, तेवढं गोड रडणं त्यांनी आयुष्यात ऐकलं नाही.

रुद्रेशना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "ऊन लागलं असेल. आमच्या रूमला एसी आहे."

त्याच दिवशी मिळेल त्या गाडीने ही मंडळी गारगोटीला परतली.

माझ्या हातात असतं तर गोष्ट मी इथंच संपवली असती.

दोन दिवसांनी, दुपारी, दुकान बंद करून प्रभुलिंग घरात मागच्या भिंतीला टेकून बसले होते. त्या भिंतीपलीकडे सोसायटीचं रिकामं गोदाम. कुलूप लावलेलं. डोळा लागणार, इतक्यात...

"पावणं. मग आमी काय करावं म्हणतासा?"

ते भिंतीपासून हातभर सरकले. पण धंदा करणारा माणूस होता. समोरच्याला नेमकं काय हवंय ते त्यांना कळलं. ही माणसं एकमताने उठली की पोरीला घ्यायला येणार. 'न्या हिला बी' हा शब्द प्रभुलिंगांनी स्वतःच दिलेला. तेव्हा यांचं एकमत होता कामा नये. बस्स.

आणि मग सुरू झाली ती प्रभुलिंगांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मानहानी.

ज्याने जन्मात कशाचं कौतुक केलं नाही, तो माणूस रोज दुपारी भिंतीला तोंड लावून कौतुक करू लागला. बाईची बाजू वरचढ झाली की हे रिसॉर्टच्या गाद्यांची स्तुती करत. पुरुष जिंकायला आला की हे घरगुती आमटी वाढत. माहिती संपली, तेव्हा त्यांनी पुण्याला फोन लावला.

"रुद्रेश, त्या रिसॉर्टात आत काय काय असतंय, सांग की जरा."

"का, जायचंय का साडूभाऊ?"

"सांग म्हटलं की सांगावं."

रुद्रेश अर्धा तास बोलले. त्यांना वाटलं, गारगोटीला शेवटी सुधारणा पोचली.

"रोज दुपारी भिंतीशी काय बोलतासा?" महानंदा वहिनी विचारायच्या. त्यांना फक्त नवऱ्याचाच आवाज ऐकू यायचा.

"गिऱ्हाईक हाय," प्रभुलिंग म्हणायचे. "घासाघीस करतंय."

वहिनींनी पुढं विचारलं नाही. नवऱ्याच्या वेडात घरातले पैसे जात नसतील तर आमच्याकडच्या बायका त्याला वेड म्हणत नाहीत.

अशी वर्षं गेली. पुढं स्वप्ननगरीच बंद पडली. घसरगुंड्या भंगारात गेल्या. कानातून पाणी सोडणारा हत्ती कुणीतरी ढाब्यासमोर नेऊन उभा केला. आकारामने खोल्या पाडून गोठा बांधला. म्हणजे आता ना रिसॉर्ट राहिलं, ना घरगुती निवास.

पण पलीकडच्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रभुलिंगांनीही सांगितलं नाही. दोन्हींतलं एकही उरलं नाही म्हटल्यावर भांडायचं कशावरून? ते म्हणत राहिले, गाद्या मऊच हायती पावणं, पण आमटीचं काय.

शिवांजली मोठी झाली. शहाणी, अबोल पोरगी. गेल्या वर्षी दहावीला चांगले मार्क पडले. त्या बांधावरच्या दुपारचं तिला काही आठवत नाही, असं सगळे धरून चालले होते. तिला कधी कुणी विचारलं नाही.

या मे महिन्यात, एका बुधवारी, प्रभुलिंग नेहमीप्रमाणे भिंतीपाशी बसले. पलीकडून आवाज आला नाही.

झोपले असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. झोपतात की नाही, हे माहीत नव्हतं.

गुरुवारी आवाज नाही.

शुक्रवारी त्यांनीच सुरुवात केली. "पावणं, परवा कोण तरी म्हणत हुतं, रिसॉर्टवर आता नवीन गाद्या आल्यात." काही नाही. मग उलट बाजू लावून पाहिली. "पण वहिनी, पाण्याला वास मारतोय तो मारतोयच." काही नाही. ते भिंतीवर थापा मारू लागले. तिन्ही माणसांचं भांडण एकटेच भांडू लागले. पुरुषाचं बोलायचे, बाईचं बोलायचे, मध्ये थांबून कान द्यायचे.

त्यांच्या मागून आवाज आला...

"आप्पा, नका वरडू. ठरलंय त्यांचं."

शिवांजली दारात उभी होती. केस विंचरत.

प्रभुलिंग भिंतीवरचा हात न काढता तिच्याकडे वळले. "कुणाचं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

ती विंचरत राहिली.

"कुठं ठरलंय, शिवा? कधी?"

"ते तुमाला सांगायचं न्हाई म्हणाल्यात," ती म्हणाली. रागाने नाही. समजूत घातल्यासारखी. "तुमी परत मोडता घालशीला."

हे मला प्रभुलिंगांनी परवा सांगितलं. घराच्या उंबऱ्यावर बसून, पाठ दाराला लावून. दुकान त्या शुक्रवारपासून बंद आहे. बाजारपेठेत लोक म्हणतात, धंद्यात खोट आली असणार. लोकांना दुसरं कारण सुचत नाही.

"पोरगी कुठाय?" मी विचारलं.

"आतल्या खोलीत."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. शिवांजलीचा आवाज येत होता. हळू, खुशीतला. कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मध्ये थांबत होती. मग 'व्हय' म्हणत होती.

महानंदा वहिनी माझ्यासमोर चहा गाळत होत्या.

मी चहा घेतला नाही. उठलो. त्या घरातून जेवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. त्या दिवशी मला थांबा असं कुणी म्हणालं नाही. प्रभुलिंग फक्त थोडे बाजूला सरकले, मी बाहेर पडेपर्यंत, आणि लगेच पुन्हा दाराला पाठ लावून बसले.

रस्त्यावर आलो तरी ते बोलताना ऐकू येत होते. गाद्या. आमटी. पाण्याचा वास. गाद्या.

मध्ये मध्ये थांबत होते.

उत्तर मला तरी ऐकू आलं नाही.