पाठमोरा

चारुताचा फोन आला तेव्हा सिद्धार्थ हॅरिस पार्कच्या बाजारात भाजी घेत होता.

"हृषिकेशचा कन्सोल सारखा अपडेट मागतोय रे. हो म्हणू?"

"अजिबात नको. वायफाय बंद कर. येतोच मी."

चारुताच्या नवऱ्याला, हृषिकेशला, जाऊन वर्ष होत आलं होतं. पॅरामॅटाच्या ऑफिसात, मीटिंग चालू असताना, खुर्चीतच गेला. हातात धरून खेळायच्या त्या छोट्या कन्सोलला कंपनीने घातलेलं कुलूप त्याने आणि त्याचा मित्र सिद्धार्थने मिळून उघडलं होतं आणि स्वतः लिहिलेला गेम त्यावर चढवला होता. कंपनीचा अपडेट आला की कुलूप पुन्हा बसणार, घरचा गेम कायमचा बंद.

गेम साधाच. पेंडल हिलचं स्टेशन, समोरची इंडियन दुकानं, हृषिकेशची बिल्डिंग. प्लॅटफॉर्मच्या बाकावर निळ्या जॅकेटातला एक माणूस. हृषिकेशने गंमत म्हणून स्वतःलाच काढलं होतं. तो काही करत नसे, नुसता बसलेला असे. चारुता रोज चहा घेताना त्याला बघायची.

सिद्धार्थ पोचला तेव्हा घरात हीटरचा कोरडा वास भरला होता. हृषिकेशची धाकटी बहीण नुपूर, युनिव्हर्सिटीसाठी इथे राहणारी, हेडफोन लावून अभ्यास करत होती. त्याने गेम उघडला. बाक रिकामा होता.

"मला वाटलं ट्रेनच्या मागे असेल," चारुता म्हणाली.

"बग असेल काहीतरी."

तो माणूस किराणा दुकानासमोर सापडला. उभा, यांच्याकडे पाठ करून.

सिद्धार्थने लॅपटॉपवर कोड उघडला. त्या माणसाचं एकच चित्र होतं, समोरून, बसलेलं. उभं नव्हतं, चालतं नव्हतं. पाठ तर कुणी काढलीच नव्हती.

"डावा खांदा बघ," चारुता हळूच म्हणाली. "बॅग अडकवून अडकवून असाच उतरला होता त्याचा."

सिद्धार्थने गेम बंद करून पुन्हा उघडला. या खेपेला तो माणूस बिल्डिंगच्या फाटकाशी होता. त्यानंतर जिन्यात. बिल्डिंगच्या आत त्या दोघांनी काही बांधलंच नव्हतं. आता तिथे पायऱ्या होत्या, कठडा होता, आणि चारुताने मागच्याच महिन्यात आणलेली कढीपत्त्याची कुंडीसुद्धा होती.

मग तो याच घराच्या दाराशी आला. दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"अपडेट करून टाकू," सिद्धार्थ म्हणाला. "संपेल हे."

"नको ना. मला एकदा त्याचं तोंड बघू दे."

पण चार दिवसांनी नुपूरने मैत्रिणींबरोबर खेळायला म्हणून कन्सोलचं वायफाय चालू केलं. सिद्धार्थ धावत आला तोवर सगळं आटोपलं होतं. स्क्रीन लख्ख, हृषिकेशचा गेम नाहीसा.

"सॉरी वहिनी, आय स्वेअर, मला माहीतच नव्हतं," नुपूर रडत होती. चारुता पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.

"एका परीने बरंच झालं," सिद्धार्थ म्हणाला, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची त्याला लाज वाटली.

नंतर एका रविवारी दुपारी तो सहज डोकावला. चारुता स्वयंपाकघरात कप विसळत होती. नुपूर सोफ्यावर विकतचा क्रिकेटचा गेम खेळत होती, दुनिया खेळते तोच. तो शेजारी बसला. स्टेडियम गच्च भरलं होतं. लोक हात हलवत होते, झेंडे नाचवत होते.

पहिल्या रांगेत एकजण मैदानाकडे पाठ करून उभा होता. निळं जॅकेट. डावा खांदा उतरलेला.

"नुपूर," त्याने कसंबसं विचारलं, "हा कधीपासून?"

"अपडेटपासून." तिने मान वर केली नाही. अंगठे थांबू देत नव्हती. "पॉजला हात नको लावूस हं, दादा. पॉज केलं की तो वळायला लागतो."

आतला नळ बंद झाला.

चारुता हात पुसत बाहेर आली. नुपूरच्या शेजारी बसली. स्वतःचे केस सारखे केले.

आणि तिने कन्सोल हळूच आपल्या हातात घेतला.