गुणवंतरावांची दुसरी कूस

शहाऐंशीचा डिसेंबर. वरोऱ्याच्या एस.टी.त शेजाऱ्याच्या मांडीवर कापसाचं गाठोडं होतं, आणि त्यातला निम्मा कापूस माझ्या पांढऱ्या साडीवर!

"भाऊ, सांभाळा ना जरा!"

"वृद्धाश्रमातल्या उशा भराच्या हायेत, बाई," तो हसला. हसू मात्र... छान होतं मेल्याचं.

मीही तिथेच निघाले होते. मी चंद्रपूरची नर्स, कमळा. अंथरुणाला खिळलेल्यांना पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते तिथल्या सेवकांना आठवडाभर शिकवायचं होतं. वर्गात बघते तर पुढच्याच सतरंजीवर तोच कापूसवाला — श्रीहरी!

"दर दोन तासांनी कूस बदलाची. लाल जागा चोळाची नाई. माणसाले ओढाचं नाई, चादरीसकट उचलाचं."

"गुरुजी ऐकत नाईत, सिस्टर," श्रीहरी म्हणाला.

आश्रमात अंथरुणाला खिळलेले गुणवंतराव गुरुजी कायम उजव्या कुशीवर. त्या बाजूच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर होती.

"तथागतांकडे पाठ करू मी?" गुरुजी कडाडले. सगळे सेवक आदराने दोन पावलं मागे सरकले.

मी कंबर पाहिली. लालभडक! कातडी फाटली असती तर गुरुजी त्यातून उठले नसते. श्रीहरीचा चेहरा उतरला. "मले यायनंच लहानाचं मोठं केलं, सिस्टर..."

मी हार मानणारी नव्हते. "उशी पायथ्याशी ठेवा," मी म्हटलं. डोकं पायांच्या जागी आलं, कूस डावी झाली, आणि तसबीर पुन्हा गुरुजींच्या डोळ्यांसमोर!

श्रीहरी माझ्याकडे बघतच राहिला. मीही नजर वळवली नाही.

आठवड्यात लाली ओसरली. निघायच्या दिवशी आम्ही दोघं गुरुजींना उचलत होतो.

"चंद्रपूरले येसाल?" मी विचारलं.

"मन तं लय आहे... पण गुरुजींले सोडून कसा येऊ?"

"मंग मीच येते. इथीच. कायमची."

"काऊन? शिकवाले?"

"नाई. तुमच्याशी लगन कराले. आवडता तुम्ही मले."

श्रीहरी चादरीची टोकं धरून पुतळाच झाला. गुरुजी मधल्या मध्ये लटकलेले.

"हो म्हण बे लवकर!" ते ओरडले. "मले किती वेळ अधांतरी ठेवता?"

"हो," श्रीहरी पुटपुटला, आणि आम्ही गुरुजींना अलगद खाली ठेवलं.