पचमढीला कूलर कोण घेतं?

कूलर घरघरत होता आणि गायत्री घामानं निथळत होती. पचमढीहून सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला येऊन तिला पाचच दिवस झाले होते, आणि पाचही रात्री झोप नव्हती.

दुरुस्तीला आलेला अभिजीत दारातच थबकला.

"बाप्पा! मॅडम, खिडक्या बंद करून कूलर लावून राहिल्या काय?"

"मग? गार हवा बाहेर जाईल ना..."

"जाऊ द्या न तिले! कोंडलेली निघंन, तवाच नवी येईन." त्यानं खिडकी उघडली आणि हसला. "होईन सवय."

"या सवयीला इंग्रजीत भला मोठा शब्द आहे — अक्लायमटाइझ." थकली होती, तरी शिकवायची खोड जाईना. "ग्रीकांचा 'क्लिमा' म्हणजे उतार. जमीन ध्रुवाकडे उतरत जाते, असं ते मानायचे. उतारावरून झाला प्रदेश, प्रदेशावरून तिथलं हवामान. मग फ्रेंचांनी त्याला पुढे 'कडे' या अर्थाचं 'आ' जोडलं... हवामानाकडे नेणं, तिथं रुळवणं."

"शब्दाले हजारो वर्षं लागली, न तुम्ही पाच दिवसांत थकल्या!"

सौंसरला आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

मग कूलर वरचेवर बिघडू लागला.

"पंप तं ठीक हाय, मॅडम."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही न... आवाज येऊन राहिला. मले आला ऐकू."

दोन उन्हाळे असे गेले. गायत्री मात्र दर वैशाखात कोमेजायची. अखेर तिनं मागितलेली बदली मंजूर झाली, तेव्हा कागद घेऊन ती त्याच्या दुकानात गेली.

अभिजीतनं तो दोनदा वाचला.

"पचमढी..."

"फार थकलेय हो मी. पण — तुम्ही म्हणत असाल, तर नाही जात."

त्यानं 'थांबा' म्हणावं, असं तिला वाटत होतं; आणि आणखी एक उन्हाळा काढायचं बळ अंगात नव्हतं.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "मी येतो तुमच्या मांगून."

"पचमढीला कूलर कोण घेतं?"

"हीटर शिकीन. दोन वर्षं तुम्हीच सोसून राहिल्या. आता माही पाळी."

"थंडीनं नाक गळेल..."

"गळू द्या."

तिनं पदरानं डोळे टिपले. "रविवारी आई जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला येतेय. तिच्याशी बोला."

"नाही म्हनल्या तं?"

"मग मी बोलेन."