सरळ नाही अजून

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या मामाला खोटं बोलता येत नाही, हे आमची मामीसुद्धा मान्य करते. आणि मामी त्याचं दुसरं काहीही मान्य करत नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. दुपारचे सव्वातीन वाजले होते. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मामा मोटार-शर्यतीच्या एका टीममध्ये आकडे वाचायचा. धावत्या गाडीतून त्याच्या स्क्रीनवर रेघा यायच्या. स्टेअरिंग किती वळलं, ब्रेक कधी दाबला, सगळं. अख्खी टीम त्याला मामाच म्हणायची. पण एकोणीस वर्षांत त्याला मामा बनवणं कुणाला जमलं नव्हतं.

टीमचे ड्रायव्हर दोन. गाड्यांचा रंग एक, मालकीण एक, आणि एकमेकांना पाण्यात बघायचे.

एक सरदार. ट्रॅक वडिलोपार्जित असल्यासारखा चालायचा.

दुसरा गोगलगाय. याचं बोलणं हळू, जेवणं हळू, हातमोजे चढवणं तर विचारूच नका. तेवढ्यात दुसऱ्या माणसाची दाढी-आंघोळ उरकली असती. फक्त गाडी मात्र सुसाट. गोगलगाय आणि पोटात पाय, ते यालाच बघून म्हटलं असावं.

दोघांची टक्कर झाली की टीमचा एक नियम होता. मागच्या खोलीत दोघांनी एका टेबलाशी समोरासमोर बसायचं. मामाने रेघा दाखवायच्या आणि वहीत दोष वाटून द्यायचा. साठ-चाळीस, सत्तर-तीस. खाली दोघांची सही. मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

त्या वेळी मात्र सही करायला एकच जण उरला होता.

सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी होत्या. सरदार उजवीकडे, गोगलगाय डावीकडे. चाकाला चाक लागलं. गोगलगायीची गाडी भिंतीवर गेली.

तो जागीच गेला.

पाचव्या दिवशी बैठक बसली. मालकीणबाई म्हणाल्या, "नियम तो नियम. त्याची खुर्चीही मांडा."

मांडली. खुर्चीसमोर त्याचे हेडफोन ठेवले. शेजारी पारदर्शक पिशवीत त्याच्या गाडीचं स्टेअरिंग. ते काढता येतं, म्हणून तेवढं वेगळं ठेवलं होतं. बाकीचा चुराडा दोन दारांपलीकडे कुलपात होता. बॅटरी काढलेली, तारा तुटलेल्या.

मामाच्या खिशात एक चिठ्ठी होती. गोगलगायीच्या आईचा फोन नंबर. तिने एवढंच विचारलं होतं, "माझ्या मुलाची चूक होती का? तुम्ही सांगाल ते मी मानीन." चार वाजता फोन करायचं मामाने कबूल केलं होतं.

मामाने टकरीचे तीन सेकंद कापून स्क्रीनवर लावले. नेहमी तेवढेच लावायचा.

गोगलगायीच्या स्टेअरिंगची रेघ उजवीकडे झुकलेली. चार अंश.

"बघा!" सरदार म्हणाला. "माझ्या अंगावर आला तो. मी कधीपासून बोंबलतोय."

"तुझीही रेघ डावीकडे आहे. दोन अंश."

"वारा होता, मामा. आणि चार मोठे की दोन? तुमचंच शास्त्र आहे, मी काय सांगू!"

मालकीणबाई म्हणाल्या, "वाईट वाटतं. पण आकडा तो आकडा."

मामाने वही उघडली. गोगलगाय ऐंशी. सरदार वीस.

सरदारने झोकात सही ठोकली. मालकीणबाईंचा फोन वाजला, त्या बाहेर गेल्या.

दार लागलं.

आणि मग...

पिशवी चुरचुरली.

मामाला वाटलं, पंख्याचा वारा. त्याने वर बघितलं.

पंखा बंद होता.

चुर्र... पुन्हा.

स्टेअरिंग पिशवीत जरा डावीकडे कललेलं होतं. ते फिरत होतं. अगदी हळू. इतकं हळू, की बघत राहिलं तर कळू नये आणि नजर काढून परत बघितलं तर कळावं.

असं हळू काम या टीममध्ये एकच माणूस करायचा.

"मामा," सरदारचा आवाज चिरकला, "टेबल हलवू नका."

"माझे हात वर आहेत, बाबा."

स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला. गाडी जोडली गेली की पेटतो तो.

कुठली गाडी?

ठिपक्याशेजारी नंबर होता... गोगलगायीचा.

एक नवी रेघ सरकू लागली. शून्यावरून उजवीकडे. एक अंश... दोन... पिशवीतलं स्टेअरिंग सरळ होत होतं, आणि रेघ वाकडी होत होती.

तीन...

चार.

स्टेअरिंग थांबलं. एकदम सरळ. रेघही थांबली, चारवर.

मामाने त्या चारकडे बघितलं. आणि त्याला आठवलं.

शर्यतीआधी प्रत्येक ड्रायव्हर स्टेअरिंग सरळ धरतो आणि "सरळ" म्हणतो. मग मामा स्क्रीनखालचं बटण दाबून ती जागा शून्य धरतो; पुढचे सगळे अंश तिथून मोजले जातात. त्या दिवशी गोगलगायीचे हातमोजेच चढत नव्हते. मामा वैतागला होता. रेडिओवर आवाज आला होता, "थांबा मामा, सरळ नाही अजून..."

"झालं झालं, निघ आता," म्हणून मामाने बटण दाबलं होतं.

स्टेअरिंग सरळ व्हायच्या चार अंश आधी.

समोरचे हेडफोन कुरकुरले. कुणाच्या कानावर नव्हते. टेबलावर पडलेले.

त्यातून हातमोजा ओढल्याचा आवाज आला. मग दुसरा हातमोजा. मग श्वास... सावकाश.

"सरळ."

थोडं थांबून,

"आता दाबा, मामा."

मामाने बटण दाबलं.

रेघ शून्यावर आली. हिरवा ठिपका विझला.

सरदार भिंतीला टेकून उभा होता, चुन्यासारखा पांढरा. "हे कुणाला सांगायचं नाही," म्हणाला. "मी सही केलीये. विषय संपला."

मामाने तीन सेकंद बाजूला सारले आणि अख्खी शर्यत उघडली. दर फेरीत, प्रत्येक सरळ रस्त्यावर, गोगलगायीची रेघ चारवरच होती. पहिल्या फेरीपासून. नुसतं मागे वळून बघायचं होतं, तेही मामाने केलं नव्हतं.

चार वजा केले. गोगलगाय नाकासमोर चालला होता.

अंगावर आला तो सरदार.

मालकीणबाई आत आल्या तेव्हा मामा वहीतलं पान फाडत होता. नव्या पानावर त्याने लिहिलं, सरदार शंभर. खाली लिहिलं, आधीचा निकाल चुकीचा, चूक माझी. सरदार सही न करता निघून गेला.

चार वाजता मामाने फोन लावला. "तुमच्या मुलाची चूक नव्हती," म्हणाला. "चूक मी करणार होतो."

पलीकडे ती बराच वेळ रडत होती. मामाने फोन ठेवला नाही.

सरदार पुढच्या मोसमात दुसऱ्या टीमकडे गेला. दोन शर्यतींत गाडीत बसला आणि तशीच सोडून उतरला. म्हणे, तो "सरळ" म्हणायच्या आधीच रेडिओवर कुणीतरी म्हणत होतं... "नाही अजून." तिसऱ्या शर्यतीला आलाच नाही. खरंखोटं सरदार जाणे.

मामाने ते काम सोडलं. आता घरीच असतो, मामीची बोलणी खातो.

गेल्या महिन्यात मी त्याच्या गाडीतून गेले. भर दुपार. त्याने किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, नीट सरळ केलं, आणि हळूच विचारलं,

"सरळ?"

मला वाटलं, मला विचारतोय. मी "हो" म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तसाच बसून राहिला. मिनिटभर... दोन मिनिटं...

मग मान हलवली आणि गाडी सुरू केली.

तोवर मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पण गाडी निघाली तशी मागच्या सीटवरून, कुणीतरी हातमोजा ओढावा तसा, अगदी सावकाश... आवाज आला.