कोरड्या लॉकमधली भेट

"अहो, जरा ही टेप धरता का? टोक... तिकडे, भिंतीपाशी!"

वर काठावर उभा असलेला माणूस कोण, हेही तिला माहीत नव्हतं. तो बूट काढून तळाशी उरलेल्या चिखलात उतरला आणि मुकाट्याने टोक धरून उभा राहिला.

जुन्या कालव्यावरचं लॉक होतं ते. कधीकाळी बोट या दगडी हौदात शिरायची, मागचं फाटक बंद व्हायचं, पाणी भरायचं आणि बोट अलगद वरच्या पातळीला जायची. आता कालवाच आटला होता. दोन भिंती आणि एक कुजकं लाकडी फाटक तेवढं उरलं होतं. ती आर्किटेक्ट, अशी बांधकामं जपावीत म्हणून सरकारकडे शिफारस करणारी. तो शेजारच्या नव्या रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर.

दगडाच्या कडेवरच्या खोल चरांवरून त्याने अंगठा फिरवला. "हे कशाने?"

"दोरांनी. बोटी ओढून ओढून."

"दोराने दगड झिजतो?"

"रोजच्या रोज घासला तर... झिजतो."

"मग मीही रोज येतो," तो म्हणाला — आणि तिच्या हातून पेन्सिल निसटली.

तो खरंच रोज यायला लागला. थर्मासमधून चहा आणायचा, एकाच झाकणातून दोघं प्यायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तिला कळलंच नाही. घरी वहिनी चिडवायची, "दगड मोजायला एवढं काजळ लागतं का गं?"

"रस्ता इथून नाही ना जाणार?" एकदा तिने विचारलं. "तसं असेल तर शिफारस लगेच पाठवते. ती गेली की कुणाला इथे हात लावता येत नाही."

"ते पावसाळ्यानंतर ठरेल. घाई कशाला? नीट मोज." तिच्या गालावरची धूळ त्याने हलकेच पुसली...

तिने घाई केली नाही.

एका सकाळी ती आली, तर ट्रकमागून ट्रक हौदात मुरूम ओतत होते. फाटकाच्या फळ्या बाजूला पडल्या होत्या. एक भिंत अर्धी गाडली गेली होती. आणि ट्रकवाल्यांना हाताने दिशा दाखवत तोच उभा होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

त्याने दिशा दाखवणारा हात खाली घेतला. "पहिल्यापासून."

"आणि मला म्हणालास, घाई कशाला!"

"सांगितलं असतं, तर तू काम उरकून निघून गेली असतीस. मला... तू जायला नको होतीस. एवढंच खोटं बोललो गं. बाकी सगळं खरं होतं."

तेच तिला जास्त लागलं. तो नुसताच फसवायला आलेला असता, तर दोन शिव्या हासडून ती मोकळी झाली असती.

"आपण लग्न करू," तो घाईघाईने म्हणाला. "मी आजच येतो, तुझ्या दादाशी बोलतो. अगं, दगडच होते ते —"

"दगडच होते. पण माझ्या हातात होतं ते वाचवणं. ते तू काढून घेतलंस... आणि वर गाल पुसलास माझा."

त्याने हात पुढे केला. ती मागे सरली.

"उद्या... उद्या तरी भेटशील?"

तिने त्या मुरमाच्या ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कुठे?"